गाणी भरून घेण्याचा इतिहास : तबकडीपासून गाडीतल्या हार्ड डिस्कपर्यंत

(तिकोणा पेठ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

इतिहासाचं व्याख्यान आणि तेही तिकोण्याच्या पायथ्याशी म्हटल्यावर विषय गडाचाच असणार, असं बहुतेकांना वाटलं असेल. गडाकडे येऊच. पण आजचा विषय आहे गाडीतल्या म्युझिक प्लेअरची हार्ड डिस्क बदलण्याचा. हसू नका. हाही इतिहासच आहे, आणि त्यात आपल्या गावाचं काहीतरी अडकलेलं आहे. ते काय, हे शेवटाकडे सांगू.

आधी एक साधा प्रश्न. गाडीत गाण्याचा साठा लागतोच कशाला? रेडिओ आहे की! पुणे आकाशवाणी १९५३ पासून आहे, विविध भारती १९५७ पासून. पण कामशेतहून काळे कॉलनीकडे, म्हणजे आताच्या पवनानगरकडे, आणि तिथून धरणाच्या कडेने पेठेकडे गाडी चालवून बघा. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की आवाज खरखरतो, मग जातो. एका बाजूला तुंग, एका बाजूला तिकोणा, मागे लोहगड-विसापूर. पवन मावळाची खोरी म्हणजे रेडिओसाठी एकेक आडोसाच. मिडियम वेव्ह त्या मानाने डोंगराला वळसा घालून पोचायचं, पण त्यावर आपल्याला हवं ते गाणं हव्या त्या वेळी कुठून लागणार? म्हणून इथल्या ड्रायव्हरला स्वतःचा साठा बरोबर ठेवावा लागला. गडावर पाण्याची टाकी खोदतात ती याच हिशोबाने. खालून मिळेल तेव्हा मिळेल, आपलं आपल्याजवळ असावं.

आता साठा मोजायला एक माप घेऊ. इंजिनियर मंडळी मेगाबाइट-गिगाबाइट मोजतात. आपण कीर्तन मोजू. सप्ताहातलं एक कीर्तन, दोन तासांचं. हे आपलं माप.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग नावाचा माणूस यंत्रं घेऊन आला होता. गौहर जान त्या वेळी गायल्या. तेव्हा तबकड्या इथे बनत नव्हत्या. ध्वनिमुद्रण जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जायचं आणि तिथे तबकडी छापली जायची. तिथल्या कामगाराला कोण कोणतं गातंय हे कळणार कसं? म्हणून गाणं संपता संपता गाणारी स्वतःच आपलं नाव सांगायची, इंग्रजीत. आज त्या तबकड्या ऐकताना आपल्याला ते ऐटीचं वाटतं. ऐट असेलही, पण ती गरजही होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

त्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. बालगंधर्वांचं पद नाटकात वन्समोअर घेत घेत किती वेळ चालायचं, त्याच्या कथा आपल्या आजोबांनी सांगितल्या आहेत. तबकडीवर मात्र ते तीन-साडेतीन मिनिटांत बसवावं लागलं. म्हणजे साठ्याच्या मापाने गाण्याचं माप ठरवलं. आपल्या दोन तासांच्या कीर्तनाला अशा वीस तबकड्या लागल्या असत्या, दोन्ही बाजू धरून. नारायणगावहून दिंडीबरोबर येणाऱ्या बुवांचं कीर्तन वीस तबकड्यांवर कोण छापणार? म्हणून ते छापलं गेलं नाही. जे मावत नाही ते नोंदलं जात नाही, हा या इतिहासाचा पहिला धडा.

तबकडी गाडीत बसवायचाही प्रयत्न झाला. १९५६ च्या सुमारास अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने डॅशबोर्डखाली चक्क रेकॉर्ड प्लेअर दिला. 'हायवे हाय-फाय' त्याचं नाव. तबकडी सात इंची, फिरायची अगदी सावकाश, मिनिटाला साधारण साडेसोळा फेरे. खड्ड्यात सुई उडू नये म्हणून ती जोराने दाबलेली, त्यामुळे तबकडी झिजायची. आणि या वेगाच्या तबकड्या बाजारात इतर कोणी विकत नव्हतं. ज्याच्याकडून प्लेअर घेतला त्याच्याकडूनच गाणी घ्या, असा प्रकार. ते फार चाललं नाही. 'तुमच्या यंत्रात फक्त आमचाच माल' हा हट्ट पुढेही वारंवार दिसतो आणि बहुतेक वेळा यंत्रासकट बुडतो.

खरा बदल केला कॅसेटने. फिलिप्सने ती १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. आत साडेतीन-चार मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये शहाऐंशी-सत्त्याऐंशी मीटर फीत. दोन कॅसेटमध्ये आपलं एक कीर्तन! पण माप वाढलं यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कॅसेट घरी भरता यायची. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबलं की झालं. ज्या माणसाला ध्वनिमुद्रण कंपनीने कधी दारात उभं केलं नसतं, तो आता स्वतःचं स्वतः नोंदवू लागला.

आपल्याकडे ही लाट आली सत्तरच्या दशकाच्या शेवटी. आखातात कामाला गेलेले लोक येताना टू-इन-वन घेऊन यायचे. ऐंशीच्या दशकात कॅसेट गावोगाव पोचली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज एसटी स्टँडवरच्या टपरीतून घुमायला लागले. भीमगीतं, कोळीगीतं, गणपतीची गाणी यांना पहिल्यांदा मोठी बाजारपेठ मिळाली. पुण्यात कर्वे रस्त्यावर अलूरकर म्युझिक हाऊससारख्या ठिकाणी शास्त्रीय संगीताचे दर्दी जायचे. आणि त्याच बरोबरीने प्रत्येक तालुक्याच्या गावी 'गाणी भरून देणारी' दुकानं निघाली. वहीत गाण्यांची यादी लिहून न्यायची, कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी भरलेली न्यायची. कायद्याने ते बरोबर नव्हतं, हे उघड आहे. पण 'भरून घेणे' हा शब्द आपण तिथे शिकलो आणि तो अजून सुटलेला नाही. कॅसेट भरून घेतली, नंतर सीडी भरून घेतली, मग कार्ड भरून घेतलं, आता पेनड्राइव्ह भरून घेतो. विहिरीवरून पाणी भरावं तसं.

कमांडर आणि ट्रॅक्सच्या प्रवासी जीप आठवतात ना? मागे दहा-बारा माणसं, टपावर पोती, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या खणात कॅसेटची रांग. ड्रायव्हर कोण आहे यावर गाडीत काय वाजणार ते ठरायचं, आणि काही लोक गाण्यासाठी जीप निवडायचे. त्या रांगेची मर्यादा वीस-पंचवीस कॅसेट. शिवाय मावळातला पाऊस. जून ते सप्टेंबर या खोऱ्यात चपलेलाही बुरशी येते, तिथे फितीचं काय? पांढरट डाग पडायचे, आवाज दबायचा, मग फीत यंत्रात गुंतायची. पेन्सिल घालून गुंडाळायची कला आमच्या पिढीतल्या सगळ्यांना येते.

सीडी आली १९८२ मध्ये जपानात, आपल्या गाड्यांत बरीच उशिरा. ७४ मिनिटं, म्हणजे एका कीर्तनाला दोन. पुढे एमपीथ्री आलं. हे तंत्र जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत आणि इतर ठिकाणी घडलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं मानक ठरलं. त्यातली कल्पना अशी की मोठा आवाज चालू असताना शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही; मग तो जपून ठेवायचा कशाला? सीडीवर एका मिनिटाला साधारण साडेदहा मेगाबाइट लागतात. १२८ च्या एमपीथ्रीमध्ये एकापेक्षा जरा कमी. दहा-अकरा पट जागा वाचली. त्याच सातशे मेगाबाइटच्या चकतीवर आता सहा कीर्तनं. 'एका सीडीत दीडशे गाणी' असं छापलेल्या त्या रंगीत सीड्या आपण लोणावळ्याच्या बाजारात पाहिल्या आहेत. पण खड्डा आला की सीडी अडखळायची.

आता येऊ हार्ड डिस्ककडे. पहिली हार्ड डिस्क १९५६ ची, आयबीएमची. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, कपाटाएवढं यंत्र, आणि त्यात मावायचे पाच मेगाबाइट. आपल्या एमपीथ्रीच्या हिशोबाने पाच मिनिटं. एक अभंग रंगायला लागला असता आणि डिस्क संपली असती. तिथून चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तीच वस्तू तळहातावर आली आणि साठा हजारो पटींनी वाढला. या वाढीमागचा एक शोध, चुंबकीय प्रतिरोधाचा, इतका महत्त्वाचा होता की त्यासाठी आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांना २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही डिस्क गाडीत बसवायचं धाडस इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या एका छोट्या कंपनीने केलं. कंपनीचं नाव एम्पेग, संस्थापकांपैकी एक ह्यूगो फाइन्स. १९९९ मध्ये त्यांचा गाडीतला प्लेअर विक्रीला आला. रेडिओच्या खाचेत बसणारा डबा, वरून हँडल धरून ओढला की हातात येणारा, म्हणजे घरी नेऊन संगणकाला जोडता यावा आणि चोरीचीही भीती नको. आत लिनक्सवर चालणारा संगणक आणि लॅपटॉपमधली अडीच इंची हार्ड डिस्क. एक नाही, दोन बसायच्या. अॅपलचा आयपॉड यायला अजून दोन वर्षं होती.

हार्ड डिस्क आणि मावळातला रस्ता यांचं जमणार कसं, असा प्रश्न पडतो. चकतीवरून वाचणारं टोक केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी उंचीवर तरंगत असतं. त्याला धक्का लागला की चकतीवर ओरखडा, आणि तिथली गाणी गेली. उपाय साधा होता. डिस्क सतत फिरतीच ठेवायची नाही. पुढची काही मिनिटांची गाणी एकदम वाचून तात्पुरत्या मेमरीत घ्यायची आणि डिस्क थांबवायची. थांबलेल्या डिस्कचं टोक बाजूला उभं असतं, मग ती कितीतरी मोठे धक्के सोसते. हंडा भरून ठेवायचा आणि दिवसभर तांब्याने घ्यायचं, तसं.

अशी यंत्रं मोजकीच विकली गेली. कंपनी २००० मध्ये सॉनिकब्लू या अमेरिकन कंपनीने घेतली, प्लेअरला 'रिओ कार' नाव मिळालं, आणि २००१ मध्ये उत्पादन बंद. २००३ मध्ये सॉनिकब्लूचं दिवाळं निघालं. इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण ज्यांच्या गाडीत ते यंत्र होतं त्यांनी ते टाकलं नाही. लिनक्सचा गाभा खुला असल्याने मार्क लॉर्ड नावाच्या कॅनडातल्या प्रोग्रामरने त्यात आपली भर घालून नवी सोय लोकांना दिली. आणि डिस्क साध्या लॅपटॉपची असल्याने कोणीही ती काढून मोठी बसवू शकत होता. क्रायस्लरच्या तबकडीची आठवण करा. तिथे माल बंद तर यंत्र बंद. इथे कंपनी गेली तरी यंत्र वीस वर्षं चाललं.

आमच्यापैकी एकाच्या थोरल्या भावाने इंग्लंडहून येताना असाच एक जुना प्लेअर आणला होता. दहा जीबीची डिस्क. आपल्या मापाने पंच्याऐंशी कीर्तनं. काही वर्षांत ती भरली आणि आम्ही ठरवलं, डिस्क मोठी करू. कसं करतात ते थोडक्यात सांगतो, कारण गाडीतला असो की घरातला, कुठलाही साठा बदलताना क्रम हाच असतो.

आधी वीज तोडा. डबा उघडला की डिस्कला जाणारी चव्वेचाळीस पिनांची पट्टी दिसते. ती पातळ असते, ओढाल तर तुटेल. टोकाला धरून सरळ वर काढायची. दोन डिस्क असतील तर पहिली कोण आणि दुसरी कोण हे त्यांच्यावरच्या छोट्या जंपरने ठरतं. काढण्याआधी फोटो काढून ठेवा. नवी डिस्क कोरी असते. प्लेअरला लागतात तसे तिचे भाग पाडावे लागतात, मग त्यावर प्लेअरची प्रणाली, मग गाणी. आणि मोठी म्हणजे किती मोठी? जुन्या पद्धतीच्या आयडीई जोडणीत डिस्कवरच्या खणांना पत्ता द्यायला २८ बिट असतात. म्हणजे सव्वीस कोटी चौऱ्याऐंशी लाख खण, प्रत्येकात ५१२ बाइट. गुणाकार करा, १३७ जीबी येतात. त्याच्यापुढची जागा असली तरी जुन्या यंत्राला तिचा पत्ताच लिहिता येत नाही. तरीही १३७ जीबी म्हणजे अकराशेहून जास्त कीर्तनं. रोज एक ऐकलं तरी तीन वर्षं.

इथपर्यंत सगळं नीट झालं. चूक आम्ही पुढे केली.

या प्लेअरमध्ये गाण्याची फाइल गाण्याच्या नावाने नसते. तिला फक्त एक आकडा असतो. नाव, गायक, अल्बम हे सगळं तिच्या जोडीच्या दुसऱ्या छोट्या फाइलमध्ये. आम्ही विचार केला, नवी डिस्क करतोय तर घरही आवरून घेऊ. सगळी गाणी संगणकावर उतरवली, गायकाच्या नावाने खण पाडले, आणि नीट लावलेलं तेवढं नव्या डिस्कवर भरलं. ज्यांच्यावर 'अज्ञात' लिहिलं होतं ती चाळीस-पन्नास गाणी राहिली बाजूला. कचरा असेल म्हटलं. संगणकावरूनही पुसून टाकली.

काही महिन्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, "पेठेच्या सप्ताहाचं काय झालं? ते लागत नाही आता." मग डोक्यात प्रकाश पडला. नव्वदच्या दशकात इथे, या देवळात, सप्ताहात टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या कॅसेट होत्या. काकडा, हरिपाठ, रात्रीची कीर्तनं. त्या एकाने मेहनतीने संगणकात घेतल्या होत्या आणि प्लेअरमध्ये टाकल्या होत्या. मूळ कॅसेटना तोवर बुरशी लागून त्या फेकल्या गेल्या होत्या. त्या फाइलींवर नाव नव्हतं, कारण नाव लिहायची सोयच नव्हती. म्हणजे जगात इतरत्र कुठेही न मिळणारी जी गाणी होती नेमकी तीच आम्ही गाळली, आणि कुठल्याही दुकानात मिळणारी सगळी जपून नेली.

नाव का नव्हतं, हेही इतिहासाचाच भाग आहे. एमपीथ्रीच्या फाइलला नाव चिकटवायची पहिली पद्धत १९९६ ची. फाइलच्या शेपटाला १२८ बाइटची चिठ्ठी, त्यात शीर्षकाला ३० बाइट. इंग्रजीत तीस अक्षरं. देवनागरीचं एकेक चिन्ह आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटीही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे दहा चिन्हं, चार-पाच अक्षरांत खेळ खलास. 'पांडुरंग' लिहिलं की चिठ्ठी जवळजवळ भरली. आणि लिहिलं तरी तेव्हाच्या प्लेअरच्या पडद्याला देवनागरी दाखवता येत नव्हती. मग लोकांनी रोमनमध्ये जमेल तसं लिहिलं, नाहीतर रिकामं सोडलं. गावच्या बुवांच्या नावाला ना तबकडीवर जागा होती, ना या चिठ्ठीत.

आमचं नशीब एवढंच की जुनी दहा जीबीची डिस्क पुसली नव्हती. एका डब्यात कापसात गुंडाळून पडली होती. ती परत जोडली, आणि थोडीफार किरकिर करत चालू झाली. सगळं मिळालं असं नाही. दोन फाइली मध्येच तुटतात. पण बाकीचं मिळालं. पखवाज आहे, मागे लहान मुलांचा गलका आहे, पावसाचा पत्र्यावरचा आवाज आहे. आणि काही आवाज आज आपल्यात नसलेल्या माणसांचे आहेत. इथे समोर बसलेल्यांपैकी काहींच्या वडिलांचे असतील.

आता याच्या उलट उदाहरण सांगतो, कारण नीट करणारी माणसंही आपल्याच डोंगरात होऊन गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ. ऐंशीच्या दशकात मुळशीच्या डोंगरपट्ट्यात गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करताना त्यांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभर हजाराहून अधिक गावांतून लाखाच्या वर ओव्या उतरवल्या गेल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. ते फितीवरून संगणकात गेलं, आणि राईरकर-पॉइतवाँ गेल्यानंतर आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहावर कोणालाही ऐकता येतं. इतक्या वेळा भांडं बदललं, पण ओवी हरवली नाही. कारण प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका, तारीख लिहिलेलं आहे. बाईचं नाव कुठल्या गायिकेच्या यादीत नव्हतं, पण वहीत होतं. म्हणून ती 'अज्ञात' झाली नाही.

तसंच मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी, डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांचे सहकारी, जुन्या तबकड्यांच्या नोंदी करत आले. 'द रेकॉर्ड न्यूज' हे त्यांचं पत्र. तबकडीच्या मधल्या कागदावरचा मजकूर, तबकडीवर कोरलेला क्रमांक, सगळं लिहून घ्यायचं. वरवर रटाळ काम. पण गाणं आणि त्याची ओळख एकत्र बांधून ठेवणारी दोरी तीच.

आता गडाकडे येतो, शब्द दिला होता. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात आपला तिकोणाही होता. आपल्याला तो तह आज इतका नेमका माहीत आहे कारण किल्ल्यांची नावनिशीवार यादी झाली आणि ती टिकली. किल्ला हातातून गेला, परत आला, पडला, झाडं उगवली. यादीतलं नाव मात्र राहिलं. वर चढून गेलं तर टाकी दिसतात, चुन्याचा घाणा दिसतो. पण तो घाणा फिरवणाऱ्याचं नाव आपल्याला कोणी सांगू शकत नाही. त्याची यादी कोणी केली नाही. आपल्या सप्ताहाच्या कॅसेट त्या घाण्यासारख्या होऊ नयेत, एवढंच म्हणणं आहे.

म्हणून शेवटी चार गोष्टी, हार्ड डिस्क असो, पेनड्राइव्ह असो की फोन.

एक, साठा बदलताना आवराआवर करायची नाही. आधी जसंच्या तसं सगळं उतरवा, आवरणं नंतर. दोन, नवीन भरल्यावर फाइली मोजा, जुन्या किती, नव्या किती, आणि मधून मधून पाच-दहा ऐकून बघा. तीन, जुनं लगेच पुसू नका. निदान एक पावसाळा जाऊ द्या. चार, ज्याला नाव नाही त्याच्यापासून सुरुवात करा. लताबाईंचं गाणं जगात हजार ठिकाणी आहे. आपल्या बुवांचं एकाच ठिकाणी आहे.

आणि यापुढे सप्ताहात कोणी मोबाइलवर कीर्तन भरलं, तर सुरू करायच्या आधी फोनजवळ तोंड नेऊन एवढंच बोला : तिकोणा पेठ, आजची तारीख, बुवांचं नाव, पखवाजावर कोण, टाळकरी कोण. दहा सेकंद लागतात. गौहर जान तबकडीच्या शेवटी बोलायच्या, आपण सुरुवातीला बोलू. चिठ्ठी पडेल, फाइलचं नाव बदलेल, डिस्क जाईल, पण आवाजातच नाव असलं की ते कुठेही गेलं तरी बरोबर जाईल.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन.)

प्रश्न : माझ्या जीपमधला स्टिरिओ ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेतो, ६४ चा घेत नाही. पेनड्राइव्ह खराब आहे का?

दादा, बहुतेक वेळा पेनड्राइव्ह चांगला असतो. मोठे पेनड्राइव्ह कारखान्यातून एक्सफॅट पद्धतीने आखून येतात आणि बरेच स्टिरिओ फक्त जुनी फॅट-३२ पद्धत वाचतात. विंडोजही बरीच वर्षं ३२ जीबीपुढे फॅट-३२ आखून देत नव्हतं. संगणकवाल्याकडून फॅट-३२ करून घ्या, बहुधा चालेल. फक्त आखताना आतलं सगळं पुसलं जातं. आधी काय भरलंय ते उतरवून ठेवा, म्हणजे आमच्यासारखं होणार नाही.

प्रश्न : मग कायमचं ठेवायला काय वापरावं? आमच्याकडे अजून सात-आठ कॅसेट आहेत.

माउली, कायमचं असं काहीच नाही. पेनड्राइव्ह किंवा एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात वीज न देता ठेवली तर तिच्यावर भरवसा नको. हार्ड डिस्क बरी, पण तीही अधूनमधून चालवून बघावी लागते. आणि उन्हात उभ्या गाडीत तर काहीच ठेवू नका, मे महिन्यात डॅशबोर्डवर हात टेकवत नाही इतकं तापतं. दोन-तीन प्रती करा, वेगवेगळ्या घरांत ठेवा, चार-पाच वर्षांनी नव्या साठ्यावर उतरवा. कॅसेट मात्र या पावसाळ्यानंतर थांबवू नका. कोरड्या दिवसांत घेऊन या. आम्ही टेप आणि वायर घेऊन येतो. तुम्ही फक्त शेजारी बसा आणि कोणाचा आवाज कोणाचा ते सांगा. ते सांगणारं माणूस मशीनपेक्षा महत्त्वाचं आहे.